खाऱ्या पाण्यातले गोचीड



बाजारातून नवी गाय आणली की शहाणा शेतकरी ती एकदम आपल्या गोठ्यात बांधत नाही. परसात किंवा पडवीत वेगळी बांधतो, तिची पाण्याची बादली वेगळी ठेवतो, पंधरा-वीस दिवस तिचे तोंड, खूर, शेण पाहतो आणि मगच दावणीला घेतो. ज्याने हे केले नाही त्याच्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत कसा शिरतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. आज याच गोष्टीबद्दल लिहायचे आहे, पण ती गाई-बैलांची नव्हे, माशांची; आणि मासेही समुद्राच्या खाऱ्या पाण्यातले, काचेच्या टाकीत ठेवायचे, शोभेचे. ‘विस्तार अधिकाऱ्याला या वयात हा कसला छंद लागला?’ असे आपण म्हणाल. हा छंद नव्हे. उलव्याच्या एका घरात यावर चूल पेटते, आणि गेल्या दिवाळीनंतर ती विझण्याची वेळ आली होती.

उलवे म्हणजे पनवेल खाडीच्या दक्षिणेचा मुलूख. तीस वर्षांपूर्वी मी नवा नवा नोकरीला लागलो तेव्हा इथे बाहेरकाठे होते, उघाड्या होत्या, खारी शेते होती. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या ‘पनवेल १’ आणि ‘पनवेल २’ या खारवट जमिनीत टिकणाऱ्या भाताच्या जाती लोकांच्या गळी उतरवत मी या बांधांवरून पुष्कळ हिंडलो आहे. सिडकोची स्थापना १९७० ची. जमिनी संपादनात गेल्या तरी प्रत्यक्ष ताबा जाईपर्यंत माणसे पिकवत राहिली. मग विमानतळ आला, त्यासाठी दहा गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटनही झाले. आता तिथे पंधरा-वीस मजली इमारती उभ्या आहेत, आणि जो आगरी शेतकरी खारीत भात लावत होता त्याचा मुलगा त्या इमारतींत काहीतरी दुरुस्त करत असतो.

असाच एक मुलगा माझ्या ओळखीचा. त्याच्या वडिलांची आणि माझी ओळख भाताच्या बियाण्यापासूनची. वडील आता नाहीत. मुलगा आयटीआय झालेला. एका घरी वातानुकूलन यंत्र दुरुस्त करायला गेला असता तिथे त्याने समुद्री माशांची टाकी पाहिली आणि त्याचे मन तिथेच अडकले. तुमच्यापैकी अनेकांनी मुंबईच्या सहलीत मरीन ड्राइव्हवरचे, १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिले असेल. तसलेच मासे, पण दिवाणखान्यात. मुलाने हळूहळू काम शिकून घेतले. सात घरच्या टाक्या त्याने महिन्याच्या पैशांवर सांभाळायला घेतल्या. पाणी बदलणे, काच घासणे, मासे आणून देणे. विक्रीचे मासे ठेवण्यासाठी घरी तीनशे लिटरची टाकी केली. त्यासाठी आईने बचत गटातून पंचवीस हजार रुपये उचलले.

दिवाळीच्या आधी मुंबईच्या एका दुकानातून त्याने एक निळा सर्जन मासा आणला. हा मासा दिसायला देखणा आणि रोग अंगावर घेण्यात सर्वांत पुढे. पिशवीसकट तासभर पाण्यावर तरंगत ठेवला आणि मग दिला टाकीत सोडून. तिसऱ्या दिवशी त्याच्या पंखांवर आणि अंगावर रवा भुरभुरावा तसे पांढरे कण दिसू लागले. मासा दगडाला अंग घासू लागला. कोणीतरी सांगितले, लसणाचा रस खाद्याला लावून घाल. त्याने तसे केले. पाच-सहा दिवसांत कण नाहीसे झाले! घरात आनंद झाला. लसणाचे गुण गात मुलाने आणखी चार मासे आणले.

पुढे काय झाले ते त्याच्या आईच्या तोंडूनच ऐकावे. “साहेब, मासं बरं झालं म्हनून आमी देवाला साखर ठेवली. न् बारा दिसांनी बगतो तं टाकीतलं सगलं मासं पांढरं. चार दिसांत अकरातलं नऊ गेलं.”

दुःख एवढ्यावर थांबले नाही. मुलाची एकच जाळी, एकच पाणी ओढायची नळी आणि एकच बादली. तीच तो सातही घरी वापरत होता. तीन गिऱ्हाइकांच्या टाक्यांत तोच रोग गेला. एकाने महिन्याचे पैसे अडवले, दुसऱ्याने मेलेल्या माशांची भरपाई मागितली. बचत गटाचा हप्ता तर कोणाच्या माशांसाठी थांबत नाही.

तेव्हा मुलाने मला दूरध्वनी केला, आणि इथे माझ्या हातून चूक झाली, ती झाकत नाही. मी शेतकी पदवीधर. मासा माझ्या अभ्यासात नव्हता. तरी ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणायला जीभ वळली नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर मोरचूद चालतो असे कुठेतरी वाचलेले आठवले आणि मी सांगून मोकळा झालो, “चिमूटभर मोरचूद टाक.” सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या माणसाची ती चिमूट! दुसऱ्या दिवशी टाकीतल्या कोळंब्या आणि शंख मेले. त्या बिचाऱ्यांना तर रोग झालाच नव्हता. ठिपके मात्र जिथल्या तिथे.

मग लाज बाजूला ठेवून रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकलेल्या एका जुन्या स्नेह्याला विचारले. तो हसला आणि म्हणाला, “अरे, तू शेतकी खात्यातला ना? गोचीड झाल्यावर नुसत्या बैलाला औषध लावून भागते का?”

त्या एका वाक्याने सगळे उलगडले. गोचिडीची मादी बैलाचे रक्त पिऊन टम्म फुगते आणि खाली गळून पडते. गोठ्याच्या भिंतीच्या भेगेत, दगडाखाली जाऊन हजारोंनी अंडी घालते. आपण बैल पाहतो, त्याच्या अंगावर गोचीड नाही, म्हणून खूश होतो. खरी फौज भेगांत वाढत असते. माशाच्या या रोगाचे अगदी असेच आहे.

या परजीवीचे नाव क्रिप्टोकॅरिऑन. जपानमध्ये सिकामा या संशोधकाने १९३७ साली त्याचे वर्णन केले. हे नाव १९५१ सालचे. माशाच्या कातडीच्या वरच्या पदराखाली तो शिरतो आणि तीन ते सात दिवस तिथे माशाला कुरतडत वाढतो. आपल्याला दिसणारा पांढरा कण तो हाच. तो कातडीच्या आत असल्याने पाण्यातले औषध त्याला पोहोचत नाही. पोट भरले की तो माशाला सोडतो, तळाला जातो, वाळूवर, दगडावर, काचेवर चिकटतो आणि स्वतःभोवती टणक कवच करतो. मुलाने पाहिले ते ठिपके लसणाने गेले नव्हते, पोट भरून उतरले होते! कवचाच्या आत एकाचे दोन, दोनाचे चार होत दोनशे-तीनशेपर्यंत पिल्ले तयार होतात. कवचावरही औषध चालत नाही. काही कवचे तीन-चार दिवसांत फुटतात, काही तीन-चार आठवडे घेतात. एकाच दिवशी पडलेली सगळी एकाच दिवशी फुटत नाहीत. बहुधा रात्रीच्या अंधारात पिल्ले बाहेर पडतात आणि मासा शोधू लागतात. रात्री मासे खडकाच्या कपारीत स्वस्थ झोपलेले असतात, तेव्हा त्यांना ते आयते सापडतात. मात्र एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ही पिल्ले मरतात. रोगाची नाडी आपल्या हाती येते ती इथेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंगावरचे ठिपके आपल्याला दिसतात, पण मासा मरतो तो कल्ल्यांमुळे. कल्ल्यांत परजीवी भरले की त्याला श्वास घेता येत नाही. तो पाण्याच्या वर तोंड काढून किंवा पंपाच्या धारेसमोर उभा राहून भराभर कल्ले हलवू लागतो. असे दिसले तर ठिपक्यांची वाट पाहू नये.

आता उपाय. शेतात सूत्रकृमी माजली की आपण तिला मानवणारे पीक काही काळ घेत नाही. तिची उपासमार करतो. टाकीचेही तेच करायचे. सगळे मासे बाहेर काढायचे, एकसुद्धा मागे ठेवायचा नाही, आणि टाकी तशीच चालू ठेवायची. पंप, दिवा, गाळणी सर्व चालू. कोळंबी, शंख, खेकडे असतील तर ते आत राहू द्यावेत, त्यांना हा रोग होत नाही. कवचे आपल्या वेळेने फुटतील, पिल्ले मासा शोधतील आणि उपाशी मरतील. किती दिवस? कवच फुटायला लागलेला सर्वांत लांबचा काळ ७२ दिवसांचा नोंदला गेला आहे. तो थंड पाण्यातला होता. आपल्याकडच्या उबदार पाण्यात इतका वेळ लागत नाही. तरी त्यात चार दिवस घालून ७६ दिवस टाकी रिकामी ठेवण्याचा रिवाज जाणकार पाळतात. सहा आठवडे पुरे असे म्हणणारेही आहेत. माझे मत विचाराल तर कर्जाचे पैसे टाकीत असताना ७६ च धरावेत.

बाहेर काढलेल्या माशांचे काय करायचे? त्यांच्या अंगावर तर परजीवी आहेतच. इस्रायलमध्ये एलात येथील कोलोर्नी या संशोधकाने १९८७ मध्ये एक युक्ती मांडली. तिला ना औषध लागते, ना मोठे यंत्र. मला तरी हीच सर्वांत पसंत पडली, कारण ती घरातल्या बाईमाणसांना सहज जमते.

चाळीस-पन्नास लिटरचे दोन स्वच्छ प्लॅस्टिकचे टब घ्यावेत. त्यांत पूर्वी साबण, रंग किंवा कीटकनाशक ठेवलेले नसावे. एकात नवे समुद्री पाणी करून हवेचा पंप लावावा आणि त्यात मासे ठेवावेत. तळाला वाळू नको, दगड नको. लपायला पीव्हीसी नळाचे दोन तुकडे पुरेत. तीन दिवस होताच, तिसऱ्या दिवसाची वेळ टळू न देता, मासे दुसऱ्या टबात नव्या पाण्यात घ्यावेत. जुना टब, पंपाची नळी, नळाचे तुकडे हे सारे घासून, धुऊन उन्हात खडखडीत वाळवावे. पुन्हा तीन दिवसांनी पहिल्या टबात. असे चार वेळा बदलायचे. या बारा-तेरा दिवसांत माशाच्या अंगावरचे सर्व परजीवी गळून खाली पडतात, आणि कवच फुटून पिल्ले बाहेर येण्याआधीच आपण मासा उचललेला असतो आणि टब वाळलेला असतो. गोचीड गळून पडली की बैल दुसऱ्या गोठ्यात न्यायचा, तसेच हे. जुन्या टबातले पाणी नव्यात जाता कामा नये, जाळीवरून निथळणारेसुद्धा. दर तीन दिवसांनी पाणी नवे असल्यामुळे माशांच्या घाणीने अमोनिया साचण्याची भीतीही फारशी राहत नाही.

यात खर्चाची बाब एकच, ती म्हणजे पाणी. इथे मुलाच्या आईने मला विचारले, “साहेब, समोर खाडी हाय, पलीकडं मिठागर व्हतं. मीठ टाकून पानी खारं केलं तं नाय चालनार?” नाही चालणार. मिठागरात पाणी आटून खडे मीठ बनते तेव्हा समुद्रातले मॅग्नेशियम आणि इतर बरेच क्षार मागच्या कडू पाण्यात राहून जातात. खड्या मिठाचे पाणी खारट लागते, पण ते समुद्राचे पाणी होत नाही. खाडीच्या पाण्यात शहराचे सांडपाणी येते, पावसाळ्यात त्याचा खारेपणा उतरतो, आणि खाडीतल्या माशांचे परजीवी फुकट मिळतात ते वेगळेच. त्यापेक्षा मत्स्यालयासाठी मिळणारे तयार मीठ शुद्ध केलेल्या पाण्यात मोजून घालावे. लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असावेत.

खार धुण्याचे ज्ञान आपल्याला आहेच. पावसाच्या गोड्या पाण्याने खारजमिनीचा खार उतरवतो, तसा पाण्याचा खारेपणा उतरवूनही हा रोग घालवता येतो. वेगळ्या टाकीत दोन दिवसांत हळूहळू ३५ वरून १५ ग्रॅमपर्यंत यायचे, चार आठवडे तिथेच राहायचे आणि मग आठवडाभराने पुन्हा वर जायचे. हाडाचे मासे हे सोसतात, परजीवी सोसत नाही. मात्र खारेपणा मोजायचे चांगले साधन हवे. अंदाजाने केले तर १५ चे १८ होतात आणि मेहनत पाण्यात जाते. कोळंब्या, शंख असलेल्या टाकीत हे कधीही करू नये.

राहता राहिला मोरचूद. तो निरुपयोगी नाही, पण माझ्यासारख्या माणसाच्या चिमटीत देण्याची वस्तू नव्हे. बोर्डो मिश्रणाला आपण शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद घेतो. माशांसाठी शंभर लिटरला साधारण ८० मिलिग्रॅम लागतो, म्हणजे साडेबारा हजारावा भाग! तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राहिले पाहिजे. त्याहून कमी झाले तर परजीवी मरत नाही. थोडे वर गेले तर मासा मरतो. शिंपल्याची वाळू आणि चुनखडीचे दगड पाण्यातले तांबे शोषून घेतात, म्हणून मुलाच्या टाकीत एकीकडे शंख मेले आणि दुसरीकडे रोग राहिला. रोज तांबे मोजण्याचा संच जवळ असेल, टाकी उघडी आणि वाळूविना असेल, तरच दोन-तीन आठवडे हा उपाय करावा. संच नसेल तर मोरचुदाची पुडी सुपारीसाठी ठेवावी.

आणखी दोन रोग ओळखून ठेवावेत. पहिला मखमली रोग. यात माशाच्या अंगावर रव्याऐवजी पिठूळ, सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसते. तो पांढऱ्या ठिपक्यांपेक्षा झपाट्याने, दोन-चार दिवसांत मारतो. त्याला टब बदलण्याची युक्ती पुरत नाही. तिथे मोजून दिलेले तांबेच लागते. दुसरा म्हणजे चपट्या कृमींचा. या कृमी माशाच्या डोळ्यांवर, अंगावर चिकटतात. त्यांचा रंग पारदर्शक असल्याने दिसत नाहीत. मासा अंग घासतो, डोळे धूसर होतात, पण ठिपके नसतात. त्यांची परीक्षा सोपी. गवंड्याचे काळे घमेले नवे आणून धुऊन घ्यावे. त्यात गोडे पाणी, टाकीइतकेच कोमट, क्लोरीन उडून गेलेले; चिमूटभर खाण्याचा सोडा घालून हवेची नळी सोडावी. मासा त्यात चार-पाच मिनिटे ठेवावा आणि डोळा हलवू नये. फार तडफडला तर लगेच काढावा. कृमी असतील तर पांढऱ्या होऊन तिळासारख्या काळ्या तळावर पडतात. मुलाने हे केले तेव्हा उरलेल्या दोनपैकी एका माशाच्या अंगावरून सात पडल्या! पूर्ण नायनाटासाठी प्राझिक्वांटेल हे जंताचे औषध वेगळ्या टाकीत लिटरला २ मिलिग्रॅम देतात. अंड्यांवर ते चालत नाही, म्हणून अंडी फुटल्यावर, आठवड्याने, पुन्हा द्यावे लागते.

ज्यांच्या घरी गोड्या पाण्यातले गोल्डफिश आहेत त्यांनी हे उपाय तसेच उचलू नयेत. त्यांचा पांढरा ठिपका दिसतो सारखा, पण परजीवी वेगळा आहे, आणि तिथे थोडे मीठच औषधासारखे चालते.

आता मूळ मुद्दा, म्हणजे नवा मासा. २०२० मध्ये करोनाच्या साथीत ‘विलगीकरण’ हा शब्द गावोगावी पोचला. शाळेच्या खोल्यांत चौदा चौदा दिवस बसलेली माणसे हा लेख वाचत असतील. ही युक्ती फार जुनी आहे. एड्रियाटिक समुद्रावरच्या रागुसा या बंदराने १३७७ साली प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर ठेवायचा नियम केला. पुढे व्हेनिसकरांनी चाळीस दिवस धरले. ‘क्वारंटाईन’ हा शब्द त्या चाळीसावरूनच आला. माशाला निदान तीस दिवस धरावेत. मुलगा आता असे करतो: आलेला मासा पहिले बारा-तेरा दिवस टब बदलून काढतो, आणि उरलेले दिवस साठ लिटरच्या उघड्या काचेच्या टाकीत त्याचे खाणे, श्वास आणि शेण पाहतो. दिवसाआड तिसरा हिस्सा पाणी बदलतो आणि न खाल्लेले खाद्य लगेच काढतो. ही टाकी मोठ्या टाकीपासून दहा फूट तरी दूर, शक्य तर दुसऱ्या खोलीत ठेवावी. हवेच्या पंपाने उडणाऱ्या तुषारांबरोबरही मखमली रोगाचे जंतू दुसऱ्या टाकीत जातात, हे प्रयोगाने दिसून आले आहे. शंख, कोळंबी किंवा दगड दुकानातून आणला तर त्यावरही कवच चिकटलेले असू शकते. तेव्हा तोही मासे नसलेल्या टाकीत ७६ दिवस ठेवायला हवा. हे ऐकून मुलाने कपाळावर हात मारला होता.

प्रत्येक गिऱ्हाइकाची जाळी, नळी आणि बादली त्याने आता त्यांच्याच घरी ठेवली आहे. त्यावर नाव लिहिले आहे. हात कोपरापर्यंत धुऊन, पुसून तो दुसऱ्या घरी जातो. सात जाळ्यांचा आणि सात नळ्यांचा खर्च एका सर्जन माशाच्या किमतीहून कमी आला.

मासा घेताना तो खातो की नाही ते दुकानात पाहून घ्यावे. समुद्रातून धरलेल्यापेक्षा केंद्रात पैदास केलेला क्लाऊन मासा बरा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे, आणि ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानने त्यांचे पैदास केंद्र उभारले आहे. समुद्रघोडा आणि प्रवाळ कोणी कितीही स्वस्तात दिले तरी घेऊ नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे. ज्या भगिनींना शोभेच्या माशांचा जोडधंदा करायचा आहे त्यांनी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जवळच्या कार्यालयात विचारावे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या अशा प्रकल्पांसाठी अनुदान ठेवले होते, महिलांना ६० टक्क्यांपर्यंत. सध्या काय लागू आहे ते तिथे कळेल. मात्र अर्ज करण्याआधी वेगळ्या टाकीला घरात जागा आहे का ते पाहावे.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे काचेची टाकी नसेल, जिताड्याचे तळे असेल. तिथेही हेच. खाडीतून आणलेली पिल्ले थेट तळ्यात सोडू नयेत. मुलाची आई सांगते, तिचे सासरे पिल्ले आधी लहान खड्ड्यात ठेवत, कारण मोठे जिताडे लहानांना खातात. रोगाचा विचार त्यात नव्हता, पण त्या खड्ड्याने तळ्याला रोगापासूनही वाचवले असणार. पंधरा-वीस दिवस पिल्ले हाप्यात वेगळी ठेवून रोज दोन-चार हातात घेऊन पाहावीत. खाऱ्या तळ्यातल्या जिताड्याला समुद्री उवा होतात, चपट्या, सरकणाऱ्या. जिताडा दोन्ही पाण्यांचा मासा आहे, उवा तशा नाहीत. दहा मिनिटे गोड्या पाण्याच्या घमेल्यात ठेवले की त्या गळतात. शेतातले कीटकनाशक तळ्यात ओतू नये. कोळंबी तर मरेलच, आणि तो मासा आपल्याच ताटात येणार आहे. मासे काढून झाल्यावर उन्हाळ्यात तळे तळाला भेगा पडेपर्यंत वाळवावे आणि चुना टाकावा. तळ्याचे ७६ दिवस ते हेच.

परवा मी उलव्याला गेलो होतो. मोठ्या टाकीत पाणी चालू, दिवा चालू, आणि आत एकही मासा नाही. शेजारीपाजारी हसतात म्हणे, ‘रिकाम्या टाकीला वीज जाळतात.’ भिंतीवर दिनदर्शिका टांगली आहे आणि रोज संध्याकाळी मुलाची आई त्यावर एक रेघ मारते. वाचलेले दोन मासे स्वयंपाकघराशेजारी उघड्या टाकीत आहेत, दोन्ही खातात. भरपाई मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मुलाने दोन मासे महिनाभर वेगळे ठेवून, मगच नेऊन दिले. पैसे अडवणाऱ्याने अर्धे दिले, अर्धे त्याची टाकी पुन्हा भरेल तेव्हा देणार आहे. बचत गटाने दोन हप्ते पुढे ढकलले आहेत. मी रेघा मोजल्या, त्या एक्कावन्न होत्या.